फाटकबंगलीची सळई

लोक किल्ले बघायला जातात, मी किल्ल्यांच्या देवड्या बघायला जाते. देवडी म्हणजे दरवाजाच्या आतली पहारेकऱ्याची बसायची जागा. राजे कुठे बसत होते यात मला फार रस नाही. पहारेकरी पावसात कुठे उभा राहत होता, त्याला टेकायला कट्टा होता का, हे मला बघायचं असतं. नवरा म्हणतो, "तू ताजमहालला गेलीस तरी चपला सांभाळणाऱ्याची टपरी बघून येशील." म्हणू दे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी भित्री आहे. लिफ्टमध्ये एकटी जात नाही, झोपाळ्यावर बसायच्या आधी कड्या तपासते. तीस वर्षं ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं. इमारती कशा उभ्या राहतात हे कळलं की त्या कशा पडतात हेही कळतं, आणि मग कुठल्याच छपराखाली धड झोप लागत नाही.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. ऑफिसात जुन्या वास्तूंच्या एका यादीची नक्कल करत होते. त्यात मुरबाड तालुक्याखाली एकच ओळ होती: "फाटकबंगली, एक मजली, दगडी, मध्ये कमान. स्थिती बरी." ना फोटो, ना नकाशा. कुणा इंग्रज साहेबाच्या मोठ्या बंगल्याचा पत्ता नाही आणि त्याच्या फाटकावरच्या माणसाचं घर मात्र यादीत! डिसेंबरातला एक शनिवार-रविवार धरला आणि निघाले.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगते. कल्याणच्या एसटी स्टँडवरून माळशेज घाटाकडे जाणारी कुठलीही गाडी चालते, फक्त ती टोकावड्याला थांबते का ते कंडक्टरला विचारून चढा. तिकीट तेव्हा फार नव्हतं. मुरबाडला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथला वडापाव खाऊन घ्या, पुढे चहाशिवाय काही मिळेल याची खात्री नाही. सिद्धगडला जाणारी पोरं पाठपिशव्या सांभाळत मुरबाडलाच उतरली आणि बायकांमध्ये मी एकटीच शहरातली उरले. टोकावड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मावशीकडे रात्रीची सोय होती. तिथे पिशवी टाकली आणि वैशाखऱ्याच्या बाजूला जाणाऱ्या जीपमध्ये बसले. ड्रायव्हर म्हणाला, "फाटकाकडं? पायवाटेनं अर्धा तास. टायमात परत या, पाचनंतर जीप नाय." मोबाईलची रेंज टोकावड्यातच संपली होती.

भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती आणि माळावर गवताची कापणी चालू होती. या बाजूचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जातं. समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्यातून अंगठ्यासारखा वर निघालेला नाणेघाटाचा सुळका. चालताना मी दर पाच मिनिटांनी मागे बघत होते. मागे कोणी नव्हतं, याचीही भीती वाटत होती.

फाटकबंगली वळणावर एकदम समोर आली. मी आनंदाने मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले.

काळ्या घडीव दगडाची दोन खोल्यांची वास्तू, मध्ये कमान आणि कमानीखालून कच्चा रस्ता. डावी खोली पहारेकऱ्याची, उजवी घोड्यांच्या सामानाची असावी. दोन्हींवर मिळून एकच कौलारू छप्पर. डाव्या खोलीचं दार कमानीच्या आतल्या अंगाला उघडतं, म्हणजे पावसात न भिजता पहारेकऱ्याने बाहेर यावं आणि फाटक उघडावं. त्याच खोलीला रस्त्याच्या बाजूने एक अरुंद तिरपी खिडकी आहे. आत बाजेवर पडल्यापडल्या वळणावरची गाडी दिसेल अशी ती तासली होती. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी एका नोकराच्या पाठदुखीचा विचार केला होता! कौलांच्या वर चक्क धुराडं होतं. ठाणे जिल्ह्यात शेकोटीसाठी धुराडं बांधणारा साहेब थंडीला भीत असावा. मला तो आवडला.

मी टेप काढली, ड्रॉइंगच्या पॅडवर मोठा कागद लावला आणि मोजायला लागले. कमानीखाली गेले तेव्हा डोक्यावर कसलासा आवाज झाला. सुपारी फोडल्यासारखा, एकच. मी जागच्या जागी गोठले.

"काय मोजताय?"

मागे एक म्हातारी उभी होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत, हातात कोयता. मी टेप सोडली, ती सळसळत डबीत गेली आणि त्या आवाजाने मी पुन्हा दचकले.

या ठमाबाई. त्यांच्या सासऱ्याचा बाप साहेबाच्या फाटकावर होता, तेव्हापासून घर इथेच. मी यादीचं सांगितलं आणि तिथेच चुकले. उजव्या खोलीतून त्यांचा मुलगा बारकू बाहेर आला. पस्तिशीचा, गवताने अंग भरलेला.

"कसली यादी? आमाला भायेर काढायची?"

"नाही हो, जुन्या इमारती जपायची."

"जपायची म्हंजे आमी भायेर आन् कुलूप आत. ठावं हाय आमाला."

ठमाबाईंनी त्याला गप्प केलं. "बाई येकली आलीय. चा दे तिला." मग मला हळूच म्हणाल्या, "आवाज आयकलात ना? भिंत बोलते. राखणदार हाय फाटकाचा. ट्रॅक्टरवाले इचारीत नाय ना, म्हनून कुरकुर करतो."

विचारायचं म्हणजे काय, ते मला थोड्याच वेळात कळलं. माळावरून गवताने लादलेली एक बैलगाडी आली. कमानीच्या अलीकडे गाडीवानाने बैल थांबवले आणि हाळी दिली, "फाटक घेतो हो!" ठमाबाई दारातूनच ओरडल्या, "घ्या!" तेव्हा कुठे बैल हलले. फाटकाची लाकडी दारं केव्हाच गेली होती, साहेब त्याच्याही आधी गेला होता, पण परवानगी अजून मागितली जात होती आणि मिळत होती. मग लगेच एक ट्रॅक्टर आला. टेपवर गाणं लावलेलं, ट्रॉलीवर गवताचा डोंगर. तो कोणाला न विचारता धडधडत आत शिरला. कमानीतून चुन्याची चिमूट माझ्या कागदावर पडली.

मी वर बघितलं.

कमान चपटी होती, अर्धगोल नव्हे. अशी कमान खाली कमी आणि बाजूला जास्त ढकलते. रंगाऱ्यांची घोडाशिडी आठवा. तिचे दोन पाय फाकू नयेत म्हणून मध्ये दोरी बांधलेली असते. ती दोरी कापली की पाय घसरत जातात. इथे दोरीच्या जागी लोखंडाची जाड सळई असायला हवी होती. दोन्ही भिंतींत बाहेरून फुलासारख्या लोखंडी चकत्या दिसत होत्या, त्याच सळईची टोकं धरायला. आत मात्र दोन्ही बाजूंना वीतभर खुंट उरले होते. मधली सळई कापलेली.

"ती व्हय?" ठमाबाई कौतुकाने म्हणाल्या. "आमच्या मालकांनी कापली. गवताची गाडी वर अडायची. दोन दिस करवत चालवली बिचाऱ्यांनी. आता हाय ती आत, पाळणा टांगायला."

गवताचा धंदा असलेल्या घरातच अशी चूक होऊ शकते. वर अडणारी एक सळई, खाली खोळंबलेली गाडी. त्यांच्या जागी मी असते तर मीही करवत आणली असती. पण त्या दिवसापासून भिंती वर्षाला केसभर बाहेर जात होत्या, आणि बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आल्यापासून केसभर नव्हे.

"पाळणा? कोणाचा?"

"जनीचा. माजी लेक. शहापूरला दिलीय, बाळंतपनाला आलीय. चार दिस झाले, पोरगी हाय."

डाव्या खोलीत, कमानीला लागून असलेल्या भिंतीशी जनीची बाज होती. बाजेखाली शेगडी, तिरपी खिडकी गोणपाटाने बंद, भिंतीवर वारा अडवायला गोधडी टांगलेली. सोयर असल्याने मी बाहेरच थांबले होते. ठमाबाईंनी विचारलं, "इटाळ धरता काय?" मी नाही म्हणाले. आत गेले. जनी पंचवीसेक वर्षांची, ओठ फुटलेले, कुशीत मूठभर गाठोडं. मी गोधडी बाजूला केली. वरपासून खालपर्यंत भेग होती आणि तिच्यात माझी करंगळी गेली.

"रातची थंड हवा येते तितून," जनी म्हणाली. "म्हनून गोधडी लावली."

मला तिथून पळावंसं वाटत होतं. खरं सांगते, पोरीचं तोंडसुद्धा नीट बघितलं नाही, माझे डोळे सारखे वर जात होते. बाहेर येऊन बारकूला सांगितलं की यांना आजच्या आज हलवा. उजव्या खोलीत नको, ती त्याच कमानीला टेकलीय. पलीकडच्या गवताच्या मांडवात न्या. बारकू हसला. "आमच्या आज्याच्या टायमापासून उभी हाय. तुमी आल्यात आन् पडनार?" आणि ठमाबाई म्हणाल्या, "उद्या पाचवी. जल्माच्या जागी पुजायची. जागा हलली तर सटवाय येनार कुटं? आन् चुकून काय लिवनार पोरीच्या कपाळावर?"

पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून माझ्याही आईने माझ्या मुलाच्या वेळी पूजा मांडली होती. पाटा-वरवंटा, कोरा कागद, लेखणी. एकीकडे माझी भीती, दुसरीकडे त्यांची. त्यांची जुनी होती.

शेवटी मी ऑफिसची एक युक्ती केली. भेग जिवंत आहे का, म्हणजे अजून वाढतेय का, हे बघायला तिच्यावर काचेची पट्टी चिकटवतात. काच कुठून आणणार? वहीच्या कागदाच्या तीन पट्ट्या कापल्या, ठमाबाईंकडून भाताची शितं घेतली आणि दोन पट्ट्या बाहेर, एक जनीच्या डोक्यामागे चिकटवली. "उद्या येते," म्हटलं. "या अख्ख्या राहिल्या तर मी खोटी."

टोकावड्यात मावशींनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मी खोटी ठरावी म्हणून मी कधी देवाला हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले.

रविवारी पहिल्या जीपने गेले. पायवाट जवळजवळ पळतच काढली. बाहेरची पहिली पट्टी मधोमध फाटली होती. दुसरी एका बाजूने सुटून लोंबत होती. आतलीबद्दल जनीनेच सांगितलं, "सकाळी पयला ट्रॅक्टर गेला तवा टर्रकन झालं." ती बाजेवर उठून बसली होती, पोरीला छातीशी घट्ट धरून. माझी भीती आता तिच्यातही शिरली होती, आणि त्याचं मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

फाटका कागद बारकूला पटला. पण अडला तो दुसऱ्याच ठिकाणी. "हलवू. पन मंग तुमी जानार आन् लिवनार, इमारत धोक्याची हाय. मंग येतील नोटिसा घिऊन."

मी उत्तर देणार होते, पण माझे दात वाजत होते. डिसेंबरातल्या दहाच्या उन्हात. पेन्सिल खाली पडली, ती उचलताना पुन्हा पडली. ठमाबाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या.

"तुमी इतक्या कशाला भेता गो बाय?" त्या म्हणाल्या. "घर तुमचं नाय. पोर तुमची नाय."

मला रडू आलं. पन्नाशीच्या बाईने परक्याच्या अंगणात रडावं! "मला माहीत नाही हो. पण मी काल झोपले नाही."

ठमाबाई बारकूकडे वळल्या. "जिला काय घेनं नाय ती इतकी भेते. आन् आमी नाय भेत. कोन येडा रे?"

मग ती म्हातारी जे वागली ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. त्यांनी कोयता घेतला, जनीला उभं केलं, बाज सरकवली आणि जिथे पोर जन्मली होती तिथली सारवलेली जमीन कोयत्याच्या टोकाने खरवडली. पसाभर माती निघाली. ती त्यांनी पदरात बांधली. "जागाच न्यू उचलून. मांडवात पसरू, तितं बसू दे सटवायला." बारकूला म्हणाल्या, "पाटा घे." आणि मला म्हणाल्या, "तुमचा तो कागद द्या."

"हा? यावर तर कमान काढलीय."

"मागून कोरा हाय ना? सटवायला लागंल. आन् कागद हितंच ऱ्हायला तर बारक्याचंबी समाधान व्हईल."

त्या कागदावर माझं आदल्या दिवसाचं सगळं काम होतं. सगळी मापं, तिरपी खिडकी, धुराडं, आणि कमानीखाली, जिथे आता नव्हती तिथे, मी सळई काढून ठेवली होती. दुसरी प्रत नव्हती. कॅमेरा मी नेत नाही. मी कागद पॅडवरून सोडवला, घडी घातली आणि त्यांना दिला. बारकूने तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला, आणि पहिल्यांदाच मला "ताई" म्हणाला.

अडचण एवढीच होती की खोलीचं दार कमानीतच उघडत होतं. मांडवाकडे जायचं तर जनीला पोर घेऊन त्या कमानीखालूनच दहा-बारा पावलं चालावं लागणार होतं. आणि त्याच वेळी वळणापलीकडून गाणं ऐकू आलं. ट्रॅक्टर.

बारकू पाटा टाकून धावला. आम्ही तिघी दारात थांबलो. गाणं जवळ येत गेलं, जमीन हलल्यासारखी वाटली, जनीने माझं मनगट धरलं. मग बारकूचं ओरडणं ऐकू आलं आणि इंजिन बंद पडलं. एवढी शांतता की शेगडीतले निखारे ऐकू यावेत.

"तुमी पलीकडं जा," ठमाबाई मला म्हणाल्या. "आमी इचारू, तुमी जाब द्या. आज घरात कोन नाय जाब द्यायला."

म्हणजे मला एकटीला आधी जायचं होतं. मी गेले. मान खांद्यात घालून, डोक्यावर रिकामं पॅड धरून. त्या पॅडने काय होणार होतं, देव जाणे. पलीकडे उन्हात पोचून वळले. अंधाऱ्या दारात दोघी उभ्या होत्या. जनीच्या डोक्यावर गोधडी, पदरात पोर.

"फाटक घेतो हो!" ठमाबाईंनी हाळी दिली.

वर काहीतरी करकरलं.

"घ्या!" मी किंचाळले. "घ्या, घ्या!"

त्या आल्या. जनी अंग सांभाळत, एकेक पाऊल. ठमाबाई मागून, पदरातली माती धरून. दोघी उन्हात आल्या तेव्हा पोर रडायला लागली.

कमान पडली नाही. पडायला हवी होती असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही पडली. चिमूटभर चुनासुद्धा सांडला नाही. ट्रॅक्टरवाला हसत उभा होता. बारकूने मात्र कुंपणाची काटी उपसून बाजूने वाट करून दिली आणि दुपारपर्यंत सागाचे दोन टेकू कमानीला लावले. मला शिळी भाकरी, सुकट आणि कांदा मिळाला. तीनच्या जीपने निघाले. मांडवात ठमाबाई ती पसाभर माती पसरून वरून शेण सारवत होत्या. पाचवी संध्याकाळी होती, तिला मी थांबले नाही.

घरी नवऱ्याने विचारलं, "मग? काय आणलंस?" पॅड रिकामं होतं. सोमवारी ऑफिसात यादी उघडली. "स्थिती बरी" या शब्दांवर पेन्सिल ठेवून बसले. खरं लिहावं तर बारकूचं घर जातं, न लिहावं तर कोणीतरी उद्या त्या कमानीखाली उभं राहून फोटो काढील. मी काहीच लिहिलं नाही. ती भीती मात्र घरी माझ्याबरोबर आली. पुढे कित्येक महिने पाऊस लागला की मी कौलं, चुना आणि सागाचे टेकू यांचाच विचार करत असे.

पावणेदोन वर्षांनी, श्रावणात, मावशींच्या नंबरावरून फोन आला. बारकू होता, टोकावड्याहून.

"ताई, फाटक खाली बसलं. काल, दुपारच्या जेवनाच्या टायमाला."

मी काही विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं. "कोन नव्हतं. आमी इहिरीकडं झोपडी बांदलीय ना. बाजेच्या जागी बघा, माज्या कमरेयेवढा दगड हाय." मग म्हणाला, "सळई तेवढी आमच्याकडं हाय. जनीच्या पोरीचा पाळना तिच्यावरच टांगलेला."

"आणि माझा कागद?"

"तो जनीच्या पेटीत, शहापूरला. तो नाय मागायचा, ताई. सटवायचं लिवलेलं उघडत नाय."

तेव्हा कोणी फाटकबंगली बघायला निघालं असेल तर जाऊ नका, आता तिथे गवतात दगड आहेत. यादीत ती अजून उभी आहे, स्थिती बरी. आणि शहापुरात एका पेटीच्या तळाशी एक घडी घातलेला कागद आहे. त्याच्या एका बाजूला पूर्ण कमान आहे, सळईसकट, इंचाइंचाने मोजलेली. दुसऱ्या बाजूला एका पोरीचं नशीब आहे. ती पोर आता शाळेत जायला लागली असेल. तो कागद मला परत नको आहे. फक्त त्या संध्याकाळी सटवाईला मांडव सापडला असावा, एवढंच अधूनमधून वाटतं.